माहिती-सुरक्षेचे पहिले प्रमाणपत्र : निवड आणि पूर्वतयारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित युवक-पालक मार्गदर्शन सत्रातील व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण करणे ही आनंदाची घटना आहे. या आनंदाच्या प्रसंगी सत्कार-समारंभांच्या जोडीला पुढच्या पिढीच्या उपजीविकेचाही विचार व्हावा, या हेतूने विश्वस्तांनी हे सत्र ठेवले, याबद्दल मी त्यांचे मनापासून अभिनंदन करतो. सोलापूरच्या आपल्या समाजाला शिक्षणाचा विचार नवीन नाही. श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेची स्थापना १८८५ सालची. त्याच संस्थेने पुढे १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे केले. काळाची पावले ओळखून शिक्षणाची वाट आखण्याची ही परंपरा आपल्या गावात आहे. आजचा विषय त्याच वाटेवरील एक छोटा टप्पा आहे.

गेल्या काही वर्षांत अनेक पालक एकच प्रश्न घेऊन भेटतात. "मुलाला सायबर सिक्युरिटीचा कोर्स करायचा आहे. क्लासवाले साठ-सत्तर हजार, कोणी लाखावर फी सांगतात. प्रमाणपत्र देतो, नोकरीची हमी देतो असे म्हणतात. पैसे भरावेत का?" प्रश्न पैशाचा आहे, मुलाच्या एका वर्षाचा आहे आणि घराच्या अपेक्षेचाही आहे. म्हणून त्याचे उत्तर आज सविस्तर देण्याचा प्रयत्न करतो. माझे सांगणे थोडक्यात असे : आधी काम ठरवा, मग पाया घाला, त्यानंतर स्वतंत्र संस्थेचे एकच प्रमाणपत्र निवडा आणि पैसे सर्वांत शेवटी भरा. पुष्कळ घरांत हा क्रम उलटा होतो आणि नुकसान तिथेच होते.

या क्षेत्राची गरज कशी निर्माण झाली?

दूरचे उदाहरण नको, पुण्याचेच घेऊ. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेवर हल्ला झाला. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ती विचारणा 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच बँकेच्या मूळ खातेप्रणालीला विचारतो, "या खात्यात रक्कम आहे का?" होकार आला की पैसे बाहेर येतात. हल्लेखोरांनी बँकेच्या संगणकांत घातक सॉफ्टवेअर शिरवून एक बनावट स्विच उभा केला. मूळ प्रणालीला न विचारता तोच परस्पर होकार देऊ लागला. काही तासांत २८ देशांतून बनावट कार्डांद्वारे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातील एटीएममधूनही अडीच कोटींच्या आसपास रक्कम गेली. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकंदर हानी ९४ कोटींच्या घरात होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

या घटनेतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे कोणी तिजोरी फोडली नाही. "होय, पैसे द्या" असे म्हणण्याचा अधिकार भलत्याच यंत्राच्या हाती गेला, एवढेच झाले. असा अधिकार कोणाला आहे, तो कोण वापरतो आहे, नेहमीपेक्षा वेगळे काही घडते आहे का, यावर अहोरात्र नजर ठेवणे, हेच माहिती-सुरक्षेचे काम होय.

त्यानंतर नियमही कडक झाले. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी १९ ऑक्टोबर २०१८ रोजी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची सविस्तर चौकट आणली. बँकेचा डिजिटल व्यवहार जितका खोल, तितकी बंधने अधिक. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांन्वये सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे 'लॉग', १८० दिवस जपणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

आता हे सोलापूरला लावून पाहा. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँका आहेत, पतसंस्था आहेत, मोठी रुग्णालये आहेत, साखर कारखाने आहेत, चादर-टॉवेलचे कारखाने आहेत. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या 'नॉटपेट्या' हल्ल्यात न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे संगणक ठप्प झाले होते. निर्यातदाराचा माल गोदीत अडकला म्हणजे कारखान्याला त्याची झळ लागतेच. तेव्हा या कामाची गरज केवळ बंगळुरूच्या काचेच्या इमारतींत आहे असे समजू नये.

प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय?

आपल्यापैकी अनेकांचा सराफीशी संबंध आहे, म्हणून हॉलमार्कचे उदाहरण देतो. दागिन्यावरील २२ कॅरटचा, म्हणजे ९१६ चा शिक्का सोने तयार करीत नाही. सोन्याची शुद्धता तो केवळ सांगतो. दुसरे असे की, दागिना घडवणारा सराफ स्वतःच्या मालावर स्वतः शिक्का मारीत नाही. तपासणी केंद्र वेगळे असते. आणि तिसरे, २०२१ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण येऊ लागली. ती ग्राहकाला स्वतः पडताळता येते.

प्रमाणपत्राला हेच तीन निकष लावा. पहिला : हातात कौशल्य आहे का? दुसरा : शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा आहे का? क्लासने स्वतःच छापून दिलेले रंगीत प्रमाणपत्र म्हणजे सराफाने स्वतःच मारलेला शिक्का होय. तिसरा : कंपनीला त्या प्रमाणपत्राचा क्रमांक इंटरनेटवर पडताळता येतो का? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर ते प्रमाणपत्र फार तर हजेरीचा दाखला ठरते. हजेरीच्या दाखल्यासाठी सत्तर हजार मोजू नयेत.

कोणते प्रमाणपत्र निवडावे?

येथे विद्यार्थ्याची पार्श्वभूमी पाहावी लागते. सर्वांना एकच औषध चालत नाही.

ज्यांना या क्षेत्राची केवळ तोंडओळख आहे आणि खर्च बेताचा ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी 'आयएससी-टू' या संस्थेचे 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी', म्हणजे 'सीसी', हे चांगले प्रवेशद्वार आहे. त्याला अनुभवाची अट नाही. अभ्यासक्रमाचे पाच भाग आहेत : सुरक्षेची मूलतत्त्वे, आपत्तीनंतर काम सुरू ठेवणे व घटनेला प्रतिसाद देणे, प्रवेशाचे नियंत्रण, नेटवर्कची सुरक्षा, आणि दैनंदिन सुरक्षा-कामकाज. या संस्थेने २०२२ मध्ये दहा लाख लोकांना हे प्रशिक्षण आणि परीक्षा विनामूल्य देण्याची योजना जाहीर केली. अशा योजनांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून नोंदणीच्या दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावर त्या स्वतः वाचाव्यात. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र चालू ठेवण्यासाठी वार्षिक शुल्क भरावे लागते, हा खर्च मात्र पालकांनी आधीच हिशेबात धरावा.

संगणकशास्त्राचे, अभियांत्रिकीचे किंवा बीसीएचे विद्यार्थी असतील, तर 'कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस' ही परीक्षा अधिक भक्कम ठरते. तिची 'एसवाय०-७०१' ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. नव्वद मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, त्यांत काही प्रश्न प्रत्यक्ष कृतीचे. १०० ते ९०० या मापावर ७५० गुण मिळाले म्हणजे उत्तीर्ण. प्रमाणपत्र तीन वर्षे ग्राह्य असते. ही परीक्षा कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेली नाही, हा तिचा विशेष.

ज्यांना केबल, राउटर, स्विच या प्रत्यक्ष यंत्रणेत रस आहे, त्यांनी आधी सिस्कोचे 'सीसीएनए' करावे. ती परीक्षा सुरक्षेपुरती मर्यादित नाही, नेटवर्कची आहे. तरीही मी तिचे नाव मुद्दाम घेतो. रस्ताच ठाऊक नसलेल्या पहारेकऱ्याला चोर कोठून येईल हे कसे कळणार? नेटवर्क पक्के असलेला तरुण सुरक्षेत लवकर रुळतो. शिवाय सुरक्षेची नोकरी मिळेपर्यंत नेटवर्कच्या कामावर पोटही भरते.

वर्गात बसून, शिस्तीने, पूर्णवेळ शिकण्याची ज्यांची प्रकृती आहे, त्या अभियांत्रिकी पदवीधरांनी सी-डॅकच्या पदव्युत्तर पदविकेचा विचार करावा. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या शासकीय संस्थेचा 'पीजी-डिटिस' हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम संगणकीय पायाभूत सुविधा आणि सुरक्षा यांसाठीच आहे. प्रवेश 'सी-कॅट' या परीक्षेतून मिळतो. खासगी क्लासला मोठी रक्कम देण्यापूर्वी ही परीक्षा देऊन पाहावी, असा माझा आग्रह आहे.

आणि आता आपल्या समाजातील फार मोठ्या वर्गाकडे वळतो, तो म्हणजे वाणिज्य शाखेचा. "आमची मुलगी बी.कॉम. आहे, तिला हे जमेल का?" असे विचारणाऱ्या मातांना माझे उत्तर ठाम होकाराचे आहे. सुरक्षेची एक संपूर्ण शाखा लेखापरीक्षणाची आहे. बँकेच्या संगणकप्रणालीत कोणाला कोणते अधिकार दिले आहेत, नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश बंद केला का, बॅकअप घेतला जातो का आणि तो परत वाचून पाहिला जातो का, हे तपासणारा माणूस हिशेबी वृत्तीचा लागतो. सनदी लेखापालांसाठी त्यांच्याच संस्थेचा 'डिसा' हा माहितीप्रणाली लेखापरीक्षणाचा अभ्यासक्रम आहे. 'आयसाका' या संस्थेचे 'सीसा' प्रमाणपत्र जगभर मान्य आहे. त्याची परीक्षा आधी देता येते, परंतु प्रमाणपत्र हाती पडण्यासाठी साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि शिक्षणानुसार त्यात काही सूट मिळते. म्हणून वाणिज्य पदवीधरांनी सुरुवात 'सीसी'सारख्या परीक्षेने करावी आणि नजर 'सीसा'वर ठेवावी.

काय घाईने घेऊ नये?

'सीआयएसएसपी' हे नाव ऐकून मुले भारावतात. ते पाच वर्षांच्या अनुभवानंतरचे प्रमाणपत्र आहे. 'ओएससीपी' ही जवळजवळ चोवीस तासांची प्रत्यक्ष परीक्षा असते; ती उत्तम आहे, पण पहिली पायरी नव्हे. 'सीईएच', म्हणजे एथिकल हॅकिंगच्या प्रमाणपत्राचे नाव जाहिरातींत सर्वाधिक दिसते. नोकरीच्या जाहिरातींतही ते असते, हे खरे. परंतु परीक्षेस बसण्यासाठी एकतर अधिकृत प्रशिक्षण घ्यावे लागते, नाहीतर दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यामुळे नवख्याला ते महाग पडते. पाया नसताना ते घेतले, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडचण होते. आयएसओ २७००१ च्या 'लीड ऑडिटर' या पाच दिवसांच्या वर्गाबाबतही तेच. अनुभवी माणसाला तो उपयोगी पडतो; नवख्याच्या अर्जावर तो शोभेचा राहतो.

आणि एका वेळी एकच. दोन वर्षांत पाच प्रमाणपत्रे जमवलेल्या उमेदवारापेक्षा एक प्रमाणपत्र आणि त्यामागे सहा महिन्यांचा सराव दाखवणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याला अधिक विश्वासार्ह वाटतो.

तयारी कशी करावी?

पहिले तीन महिने कोणत्याही परीक्षेचे नाव घेऊ नका. नेटवर्क कसे चालते, आयपी पत्ता म्हणजे काय, डीएनएस कशासाठी, ब्राउझरमध्ये बँकेचा पत्ता टाइप केल्यापासून पान उघडेपर्यंत काय काय घडते, हे कागदावर आकृती काढून सांगता आले पाहिजे. सिस्कोचे 'पॅकेट ट्रेसर' हे साधन विनामूल्य मिळते. त्यात संगणकाच्या पडद्यावरच नेटवर्क जोडून पाहता येते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम शिका. ८ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप असेल, तर 'व्हर्च्युअलबॉक्स'मध्ये एकाच यंत्रावर दोन आभासी संगणक चालवता येतात. एकावर उबुंटू, दुसऱ्यावर काली लिनक्स ठेवा. 'वायरशार्क'ने त्यांच्यामधील संभाषण वाचा. हीच तुमची प्रयोगशाळा. यासाठी लॅपटॉपव्यतिरिक्त एक रुपयाही लागत नाही.

मूलतत्त्वे समजून घेताना आपल्या पेढीचा अनुभव आठवा, फार सोपे होईल. सुरक्षेचे तीन आधार सांगितले जातात : गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. खातेवही परक्याने वाचू नये, ही गोपनीयता. वहीत कोणी खाडाखोड करू नये, ही अचूकता. गिऱ्हाईक दारात उभे असताना वही हाताशी असावी, ही उपलब्धता. जो मुनीम रोख सांभाळतो, त्याच्याच हाती जमाखर्च लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम द्यायचे नाही, हा आपल्या वाडवडिलांचा नियम. संगणकाच्या पुस्तकात त्यालाच कर्तव्यांची विभागणी म्हणतात. कॉसमॉसच्या प्रसंगात होकार देणारा आणि शिल्लक तपासणारा यांच्यामधील दुवाच हल्लेखोरांनी तोडला होता, हे आता तुमच्या लक्षात येईल.

पाया झाला की परीक्षेची अधिकृत उद्दिष्टपत्रिका घ्या. ती संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि बहुतेक विद्यार्थी ती वाचतच नाहीत. सिक्युरिटी प्लसमध्ये सर्वसाधारण संकल्पनांना १२ टक्के, धोके व त्यांवरील उपायांना २२ टक्के, सुरक्षा-रचनेला १८ टक्के, दैनंदिन कामकाजाला २८ टक्के आणि व्यवस्थापन व देखरेखीला २० टक्के भार आहे. समजा, तुम्ही बारा आठवडे, आठवड्याला दहा तास अभ्यास करणार. म्हणजे १२० तास झाले. भारानुसार वाटणी करा : अनुक्रमे १४, २६, २२, ३४ आणि २४ तास. आवडता विषय वारंवार वाचायचा आणि कंटाळवाणा टाळायचा, ही खोड या वाटणीने जाते. विशेषतः धोरणे, जोखीम, कायदे हा भाग तांत्रिक मुले सोडून देतात. त्याला वीस टक्के आहेत, हे विसरू नये.

दररोज वाचलेले एक पान स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहा. परीक्षा इंग्रजीत आहे, त्यामुळे संज्ञा इंग्रजीच पाठ हव्यात. परंतु आपल्या भाषेत समजावून सांगता आले नाही, तर समजले नाही असे खुशाल धरावे. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. या परीक्षांची भाषा साहित्याची नसते. चार-पाचशे संज्ञा आणि प्रश्नातील 'सर्वांत आधी', 'सर्वांत योग्य' अशा अर्थाचे शब्द नीट ओळखता आले की काम भागते. गुण जातात ते बहुधा याच शब्दांकडे दुर्लक्ष झाल्याने.

शेवटचे तीन आठवडे सराव-परीक्षांसाठी ठेवा. वेगवेगळ्या तीन सराव-परीक्षांत सातत्याने ८५ टक्क्यांच्या आसपास गुण पडू लागले, तेव्हाच शुल्क भरा. पैसे शेवटी भरा, असे मी आरंभी म्हणालो ते यासाठी.

परीक्षेच्या दिवसाबद्दल दोन व्यवहारी सूचना. नोंदणीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्याकडे कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे नाव गाळलेले, विवाहानंतर बदललेले, अशी गल्लत असते; ती एक महिना आधी निस्तरा. पासपोर्ट असल्यास उत्तम. काही परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर देता येतात, पण त्यासाठी बंद खोली, अखंड वीज आणि इंटरनेट लागते. मध्येच कोणी खोलीत डोकावले तरी परीक्षा रद्द होऊ शकते. एकत्र कुटुंबात हे अवघड वाटत असेल, तर परीक्षा-केंद्रावर जाऊन परीक्षा देणे श्रेयस्कर.

नीतीचा प्रश्न

या क्षेत्रात ज्ञान दुधारी आहे. कुलूप कसे उघडते हे ज्याला कळते, त्याच्या हेतूवर सगळे अवलंबून असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ अन्वये परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. "मी केवळ तपासून पाहत होतो" या सबबीचा आधार घेऊ नका. महाविद्यालयाच्या किंवा शेजाऱ्याच्या वाय-फायवर प्रयोग करू नका. स्वतःच्या प्रयोगशाळेत करा, लेखी परवानगी असेल तेथेच करा.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. परीक्षेतील चोरलेले प्रश्न 'डम्प' या नावाने बाजारात विकत मिळतात. ते पाठ करून उत्तीर्ण होणारे आहेत. न दिलेली वस्तू न घेणे, हे अचौर्याचे व्रत आपण लहानपणापासून ऐकत आलो. चोरांपासून रक्षण करण्याचा परवाना चोरलेल्या प्रश्नांनी मिळवायचा, याहून विसंगत काय असेल? उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होते. न आल्यास पहिल्याच मुलाखतीत पोकळपणा दिसतो.

नोकरीचे वास्तव

पालकांना स्पष्ट सांगतो, प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नाही. ते मुलाखतीच्या दारापर्यंत नेते. पहिले काम बहुधा सुरक्षा-देखरेख केंद्रात, तपासणी करणाऱ्या संस्थेत किंवा साध्या सिस्टीम-नेटवर्कच्या विभागात मिळते. देखरेख केंद्रे चोवीस तास चालतात, त्यामुळे रात्रपाळी येते. आरंभीचा पगार जाहिरातीतील आकड्यांसारखा नसतो. दोन वर्षे चिकाटीने काढली की पुढील वाट रुंद होते. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणाऱ्या आपल्या मुलांची संख्या मोठी आहे. पण दारातील सहकारी बँकेत, रुग्णालयात, कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून सहा महिने काम केल्याचा अनुभवही अर्जावर वजनदार दिसतो. तो मागून पाहावा. येथे समाजातील ज्येष्ठ उद्योजकांनी दार उघडून द्यावे, ही नम्र विनंती.

"नोकरीची हमी" देणाऱ्या क्लासला तीन गोष्टी लेखी मागा : मागील तुकडीतील किती जण कोणत्या पदावर लागले, परीक्षेचे शुल्क फीमध्ये धरले आहे का, आणि मध्येच सोडल्यास परतावा किती. उत्तर तोंडी मिळाले, तर नमस्कार करून परत यावे. त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

शेवटी विश्वस्तांपुढे एक सूचना ठेवतो. ट्रस्ट शिष्यवृत्ती देतोच. त्यात या परीक्षांचा समावेश करावा, मात्र रक्कम क्लासच्या फीसाठी न देता परीक्षा-शुल्कासाठी द्यावी, आणि तीही विद्यार्थ्याने सराव-परीक्षेतील गुण दाखवल्यावर. त्याचबरोबर ट्रस्टच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ चार-पाच जुने लॅपटॉप आणि एक इंटरनेट जोडणी एवढी सोय झाली, तर घरी जागा नसलेल्या मुलामुलींचा अभ्यासगट सहज उभा राहील. बदल्यात त्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा ज्येष्ठ नागरिकांना मोबाईलवरील फसवणूक कशी ओळखावी, ओटीपी कोणालाही का सांगू नये आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार कशी करावी, हे शिकवावे. घेतलेले ज्ञान समाजाला परत करण्याचा हा साधा मार्ग आहे.